जेवणानंतरची मिरज

विश्राम हळब्यांना मिरजेची आठवण यायची ती जेवणानंतर. सकाळी कधी नाही. सकाळी ते चंदीगडच्या रुंद रस्त्यांवरून शीळ घालत, सायकल हाणत सेक्टर सतराच्या ऑफिसात पोचायचे. दुपारी डबा आणि डब्यावर हेडक्लार्क चोप्राने आणलेलं काहीतरी गोड पोटात गेलं, की चारच्या सुमारास मिरज उसळून यायची. आधी कपाळाला घाम, मग हाताला कापरं आणि मग डोळ्यांत पाणी. जानेवारीच्या कडाक्यात सगळं ऑफिस दोन-दोन स्वेटर चढवून हीटरला चिकटलेलं असताना हळबे खिडकीशी उभे राहून घाम पुसत आणि मिरज स्टेशनाबद्दल हळवे होत. त्या स्टेशनात हळवं व्हावं असं काही नाही, हे एरवी त्यांनाही मान्य होतं.

घरी पोचेपर्यंत तर सायकलचं कुलूपही त्यांना लावता येत नसे. दारात सुमनबाई लाडवाची बशी घेऊनच उभ्या असत.

"आज काय आठवलं?"

"आपल्या बोळातला नळ आठवला गं."

"त्या नळाला पाणी कधी यायचं?"

"पाणी नव्हतं, पण नळ आपला होता!" म्हणून हळब्यांनी डोळे पुसले आणि अख्खा लाडू तोंडात कोंबला.

आत अभ्यास करणाऱ्या मीनाक्षीने मान वर न करता विचारलं, "मम्मी, पापा फिर से रो रहे हैं?" दूध आलं का, असं विचारावं तितक्या सहज तिने हे विचारलं. दुसऱ्या लाडवानंतर पापा रडायचे थांबले आणि तिच्याबरोबर जमिनीवर सापशिडी खेळायला बसले. हे रोजचंच होतं. लाडू मिरजेच्या पद्धतीचे असतात, म्हणून त्यांनी जीव शांत होतो, असा सुमनबाईंनी निष्कर्ष काढला होता. तो चुकीचा होता, पण चंदीगडमध्ये त्याला खोडून काढणारं कुणी नव्हतं.

शेवटी सुमनबाईंनी निर्णय दिला. "हे पुरे झालं. रविवारी जेवण लवकर होतं तर तुम्ही दोनलाच रडायला लागता. सांगलीच्या ऑफिसात जागा रिकामी झालीय, असं शशिकांतभावजी म्हणत होते ना? बदली मागा. नाहीतर मे महिन्यात मी पोरीला घेऊन जाते आणि तुम्ही बसा इथं छोले खात. रडणारा बाप बघत तिनं मोठं व्हायचं का?"

आता बदली मागायची म्हणजे साहेबांची शिफारस हवी, आणि साहेब होते श्यामसुंदर कोल्हटकर. खरं तर पुण्याचा मराठी माणूस. पण त्यांच्या खोलीत अर्ज घेऊन गेलेला माणूस अर्जाचे तुकडे घेऊन बाहेर येत असे. त्यांच्या पत्नी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या त्या नातवात रमल्या होत्या. साहेब बंगल्यावर एका खानसाम्याच्या हातचं जेवत आणि ऑफिसात येऊन त्याचा सूड घेत.

मात्र हेडक्लार्क नरेश चोप्राने या साहेबांवरही इलाज शोधून काढलेला होता. हळबे बदलीचं म्हणाले, तसं त्याने त्यांना व्हरांड्यात नेऊन तो इलाज सांगितला.

"हलबे जी, साहब का दिमाग नहीं चलता, पेट चलता है. मेरा साला पिंजौर में कंपाउंडर है, उसने समझाया. कुछ लोगों की शुगर खाने के बाद चढ़ती है और फिर धड़ाम से गिरती है. मीठा खाया हो तो और जोर से. तीन घंटे में बंदे को पसीना, हाथ काँपना, गुस्सा, रोना, सब कुछ! फिर चाय-बिस्कुट दो, तो मोम."

"अरेरे," हळबे घाम पुसत म्हणाले. वेळ चारची होती. हातातला रुमाल थरथरत होता. साहेबांसारख्या माणसाला असा आजार असावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

चोप्राची पद्धत सोपी होती. ज्याचं काम असेल त्याने साहेबांना जेवताना गोड खाऊ घालायचं. साडेतीनला साहेब ठरल्याप्रमाणे कडाडत. मग चहा-बिस्किटं आत जात, साहेबांना ओरडल्याचा पश्चात्ताप होई, आणि त्या पश्चात्तापात ते समोर येईल त्यावर सही करत. किरकोळ रजेला बर्फी पुरत असे. लांबच्या रजेला गुलाबजाम लागत.

"आणि बदलीला?" हळब्यांनी विचारलं.

चोप्राने बराच विचार केला. "ट्रान्सफर के लिए तो, यार, पूरी बारात का खाना लगेगा."

त्या रात्री हळब्यांच्या न्हाणीघरात, सुमनबाईंच्या जुन्या व्हॉइलच्या पातळात बांधलेला चक्का नळाला टांगला गेला. म्हशीचं घट्ट पंजाबी दही होतं. चक्का असा पडला की मिरजेच्या कुठल्याही म्हशीने लाजावं.

"पण मी म्हणते, मुद्दाम आजारी पाडायचं म्हणजे पापच की हो," वेलदोडे कुटता कुटता सुमनबाई म्हणाल्या.

"अगं, नंतर बिस्किटं देणार आहोत ना आपण."

दुसऱ्या दिवशी एक वाजता हळब्यांनी साहेबांच्या टेबलावर श्रीखंड-पुरीचा डबा ठेवला आणि नमस्कार करून वळले. साहेबांनी झाकण उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की ऑफिसातल्या कुणी ते पूर्वी पाहिलं नव्हतं.

"कुठं निघालात? एकट्यानं जेवू? हळबे, आपल्यात असं असतं का? बसा."

इथे चोप्राच्या शास्त्राला तडा गेला, कारण पिंजौरच्या त्या कंपाउंडरला मराठी आग्रह ठाऊक नव्हता. आपल्या पंगतीत 'नको' याचा अर्थ 'थोडं वाढा' असा होतो, आणि 'अजिबात नको' म्हणजे 'बरंच वाढा'. वाटीवर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून, म्हणजे वाढणाऱ्याला मधून जागा राहते. हळब्यांनी साहेबांना वाढलं. साहेबांनी हळब्यांना वाढलं. हळब्यांनी फाकलेल्या बोटांनी हात आडवा धरला. बोटांतून श्रीखंड वाटीत उतरलं.

"साहेब, तुम्ही काहीच घेतलं नाही."

"आणि तुम्ही? ही काय तरण्या माणसाची भूक झाली?"

"नको साहेब, खरंच."

"माझी शपथ आहे, हळबे. ही वाटी संपवा."

साहेबांची शपथ मोडणं नोकरीच्या नियमात बसत नव्हतं. हळब्यांनी वाटी संपवली आणि उरलेलं सगळं आपली शपथ घालून साहेबांना वाढलं. साहेबांनी त्यातलं अर्धं परत हळब्यांच्या वाटीत लोटलं. चोप्रा दाराशी उभा राहून हे बघत होता. बाहेर येऊन तो हळूच म्हणाला, "ये लोग खाना खा रहे हैं कि कुश्ती लड़ रहे हैं?"

पण चोप्रा हा कसलेला माणूस होता. ट्रान्सफरला पश्चात्तापही मोठा हवा, म्हणून त्याने कँटीनला जाऊन साहेबांचा चहा थांबवायला सांगितलं. "आज जरा पकने दो," असे त्याचे शब्द होते.

साडेतीन झाले. सगळं ऑफिस कान टवकारून बसलं. साहेबांच्या खोलीतून एक ढेकर ऐकू आली आणि मग काहीच नाही. पावणेचार झाले. चोप्राने दाराच्या फटीतून पाहिलं; साहेब खुर्चीत मागे रेलून हसत होते. चोप्राचा चेहरा पडला. "गुस्सा ही नहीं आ रहा! हलबे जी, आप अंदर जाओ. गुस्सा दिलाओ."

हळब्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती, छाती धडधडत होती आणि हातातला अर्ज वाऱ्यात धरल्यासारखा फडफडत होता. साहेबांची भीती वाटतेय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ते आत गेले.

"या हळबे, या!" साहेब म्हणाले. "काय श्रीखंड होतं हो! वहिनींना सांगा, चार वर्षांनी जेवल्यासारखं वाटलं. हे काय आणलंय? बदली? छे छे, भलतंच काय! तुम्ही गेलात तर श्रीखंड कोण आणणार?" आणि त्यांनी अगदी मायेने अर्ज परत केला.

विश्राम हळब्यांनी उभ्या नोकरीत आवाज चढवला नव्हता. रिक्षावाल्याशीही ते 'आपण' म्हणून भांडत. त्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावर दाणकन मूठ आपटली.

"तुम्ही ओरडत का नाही?"

"काय?"

"साडेतीनला ओरडायचं, चहा घ्यायचा, सही करायची! एवढं साधं काम होत नाही तुमच्याच्यानं? सगळं ऑफिस खोळंबून बसलंय बाहेर! एक किलो चक्का लागलाय त्या श्रीखंडाला! माझ्या बायकोचं पातळ वाया गेलं! आणि तुम्ही हसताय? लाज वाटत नाही, फुकट शांत राहायला?"

मग त्यांचा सूर एकदम बदलला आणि ते हुंदके देऊ लागले. "नळ होता हो आमच्या बोळात," ते म्हणाले, "पाणी नव्हतं... पण नळ..." एवढ्यावर त्यांचे गुडघे वाकले आणि ते साहेबांच्या टेबलाआड दिसेनासे झाले.

"चोप्रा! चहा आण, साखर घालून!" साहेब ओरडले. शेवटी एकदाचे ओरडले, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

"सर, चाय तो... मैंने रुकवा दी है, सर."

साहेबांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग खालचा खण उघडून, सरकारी पाकिटांच्या मागे लपवलेला बर्फीचा पुडा काढला आणि स्वतःच्या हाताने हळब्यांच्या तोंडात बर्फी भरवली. काही मिनिटांत हळबे उठून बसले. घाम गेला, कापरं गेलं, मिरजही गेली. समोर अख्खं ऑफिस उभं होतं. आपण साहेबांना काय काय बोललो ते शब्दन् शब्द आठवून त्यांना पुन्हा बेशुद्ध पडावंसं वाटलं, पण आता ते जमेना.

साहेबांनी त्यांना आपल्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. चोप्राही बरोबर आला होता. तो दवाखान्यात सारखं म्हणत होता, "डॉक्टर साब, असली मरीज तो ये हैं," आणि साहेबांकडे बोट दाखवत होता. डॉक्टर बेदींनी वाद टाळला आणि दोघांचीही तपासणी लावली. एका सकाळी साहेब आणि कारकून उपाशीपोटी एका बाकावर बसले, ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्याले आणि ठरावीक वेळाने दंड पुढे करून रक्त देत राहिले. साहेब सगळा वेळ पेपर वाचत होते. हळबेही आधी ठीक होते. जेवणाची वेळ जवळ आली तशी त्यांनी नर्सला आधी गाऱ्हाणं घातलं, मग दम दिला आणि मग तिचा हात धरून ते मिरजेच्या बोळातल्या नळाबद्दल सांगू लागले.

"यही टाइम है!" डॉक्टर बेदी आतून धावत आले. "रोने दो, पर खून अभी लो!"

दोन दिवसांनी निकाल आला. साहेबांची साखर सभ्य माणसासारखी वर गेली होती आणि सभ्य माणसासारखी खाली आली होती. हळब्यांची मात्र उंच उडी मारून तळघरात पडली होती.

"हलबे साब," डॉक्टर म्हणाले, "आपकी मिरज पचास के नीचे आती है."

सगळे हसले. हळबेही हसले. मग डॉक्टरांनी विचारलं, "घर में किसी को शुगर थी?"

हळब्यांचं हसू थांबलं. "वडिलांना... पिताजी को. आधी अंगठा कापला. मग पाय."

डॉक्टर बेदींनी पेन खाली ठेवलं. "तो सुनिए. आज गिरती है, इसलिए खुश मत होना. मीठा देखते ही आपका शरीर जरूरत से ज्यादा इन्सुलिन छोड़ देता है. सबके साथ आगे बुरा नहीं होता, पर आपके पिताजी को थी. ऐसे ही खाते रहे, तो दस-पंद्रह साल में शरीर थक सकता है. फिर शुगर चढ़ेगी, और उतरेगी नहीं. मिठाई बंद. शाम का लड्डू भी बंद. वही लड्डू उठाता है, वही फिर गिराता है. थोड़ा-थोड़ा खाइए, दिन में कई बार. भुने चने, दही, सब्जी. और रोज पैदल चलिए. आपको चिट्ठी पहले मिल गई है, पिताजी को नहीं मिली थी."

परतताना गाडी साहेब चालवत होते आणि चोप्रा मागे बसला होता. चोप्रा उतरल्यावर हळबे म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी जे बोललो..."

"छान बोललात. ओरडण्यातलं मला कळतं." साहेबांनी समोर बघतच सांगितलं. "चोप्राचं ते शास्त्र मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. एकदा बर्फी खाऊन मी ओरडायचं विसरलो, तर आठवडाभर कुणी पेढासुद्धा दाखवला नाही. तेव्हापासून नेमानं ओरडतो. घरी कोण आहे हो मला गोडधोड करून घालायला? त्या दिवशी श्रीखंड इतकं झालं, की ओरडायचं राहूनच गेलं." मग त्यांनी गाडी बाजूला घेतली, हळब्यांच्या खिशातून डोकावणारा चुरगळलेला अर्ज मागून घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवून त्यावर शिफारस लिहिली. "जा बाबा आपल्या घरी. इथं तुमचं काही खरं नाही."

त्या दिवसापासून हळब्यांच्या एका खिशात चणे आणि दुसऱ्या खिशात शेंगदाणे आले. लाडवांचा डबा सुमनबाईंनी चोप्राच्या घरी पोचवला. पहिल्या दिवशी चार वाजता हळबे सवयीने खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मिरजेची वाट बघू लागले. मिरज आली नाही. लांबवर शिवालिकचे डोंगर दिसत होते. ते इतके दिवस तिथेच होते, पण घामातून नीट दिसले नव्हते. हळब्यांनी मुद्दाम तो नळ आठवून पाहिला. गंजका होता आणि त्याला पाणी नव्हतं, एवढंच आठवलं.

असे काही आठवडे गेले आणि एके दिवशी बदलीची ऑर्डर आली. हळब्यांनी ती घरी आणून सुमनबाईंच्या हातात दिली. सुमनबाईंनी वाचली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तुम्हाला मिरजेची आठवण येते का हो हल्ली?"

"खरं सांगू? नाही येत."

"मग आपण जातोय कशाला?" असं म्हणून सुमनबाई एकदम रडायलाच लागल्या. त्यांनी श्रीखंड खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे हे रडणं खरं होतं. "मला इथं आवडतं. दिवसभर नळाला पाणी असतं. चोप्रावहिनींनी मला सायकल शिकवलीय. तुम्ही झुरताय म्हणून मी निघाले होते. आणि आता तिकडं जायची मला भीती वाटते."

"भीती कसली?"

"आत्याबाई, मावशी, उल्कावन्सं. रोज कुणाकडे तरी पुरण, कुणाकडे बासुंदी. मामंजींनाही डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. शेवटच्या दिवाळीत ते वाटीवर हात धरत होते आणि सगळे वाढत होते. एकच घ्या, एकानं काय होतंय. तुम्हाला नाही म्हणता येत नाही हो. मला तुम्ही दोन्ही पायांवर हवे आहात."

हळब्यांनी खिशातले चणे काढून सुमनबाईंच्या ओंजळीत दिले. दोघांनी ते बसून खाल्ले. मीनाक्षी डोकावून म्हणाली, "अब मम्मी भी?" आणि अभ्यासाला गेली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता हळबे साहेबांच्या खोलीत गेले. एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात बदली रद्द करण्याचा अर्ज.

साहेबांनी अर्ज वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "झालेली बदली रद्द? कठीण आहे. फार ओरडावं लागेल मला." मग त्यांनी डबा उघडला. "अहाहा. आणि तुमची वाटी?"

"माझे चणे आहेत, साहेब."

"एकट्यानं खाऊ? हळबे, आपल्यात असं असतं का?" डब्याच्या झाकणाची वाटी त्यांनी हळब्यांपुढे सरकवली आणि चमचाभर श्रीखंड उचललं. "एवढंसं. एवढ्यानं काय होतंय? माझी शपथ..."

हळब्यांनी वाटीवर हात आडवा धरला. साहेब सवयीने चमचा बोटांमध्ये न्यायला गेले आणि थांबले. मधे जागा नव्हती. चारही बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती.

"नको, साहेब," हळबे म्हणाले.

साहेबांनी चमचा स्वतःच्या तोंडात घातला, अर्जावर सही केली आणि साडेतीन वाजता, नेमाप्रमाणे, चोप्रावर ओरडले.